आबा, एआय आणि माझी दिवाळीनंतरची नोकरी

आमच्या ऑफिसात सगळ्याचा बॅकअप घ्यावा लागतो, फक्त किस्स्यांचा नाही. ते आपोआप सेव्ह होतात! कुणी चहा पिताना सांगतं, कुणी शेअर रिक्षात सांगतं, आणि ज्याच्यावर किस्सा घडला त्याच्यापर्यंत तो परत येतो तेव्हा त्यात चारदोन माणसं आणि एक म्हैस वाढलेली असते. आमच्याकडचे निम्मे किस्से माझ्यावरच घडतात. म्हणून म्हटलं, म्हैस वाढायच्या आत आपणच सांगून टाकावेत.

आधी माणसं सांगते. जळगावात, पंप आणि पाइपच्या एका दुकानाच्या वर आमचं ऑफिस. आम्ही चौघं. देवरे सर मालक. किरणभाऊ सगळ्यात जुने. आमचं मूळ सॉफ्टवेअर त्यांनीच लिहिलंय आणि त्यातलं निम्मं का चालतं हे आता त्यांनाही आठवत नाही. इम्रान माझ्याच वयाचा, माझ्यापेक्षा हुशार आणि माझ्यापेक्षा खूपच कमी घाबरणारा. आणि मी, भाग्यश्री. अर्धा दिवस कोडिंग, अर्धा दिवस ग्राहकांचे फोन.

माझा प्रॉब्लेम एकच. मी दचकते. कुकरच्या शिट्टीला दचकते, मागून हाक आली की दचकते, प्रिंटर सुरू झाला की दचकते. आणि दचकले की तोंडून "आई गं!" निघतं. तेसुद्धा असं की खालच्या दुकानातला माणूस पाइप मोजायचा थांबून वर बघतो.

आमचे सगळ्यात मोठे ग्राहक म्हणजे धुळ्याचे आबा. त्यांचा मालट्रकचा धंदा. कुठली गाडी कुठे गेली, कुणाचा माल भरला, त्याची बिल्टी म्हणजे मालाची पावती, सगळं आमच्या सॉफ्टवेअरवर. त्यांचा करार दर दिवाळीनंतर नवा होतो. झाला तर ठीक. नाही झाला तर... हे वाक्य सरांनी आजवर कधी पूर्ण केलेलं नाही.

*

आमच्याकडे एआय आला तो पुण्याहून, सरांबरोबर. सर एका सेमिनारला गेले होते. जाताना साधे गेले. येताना गळ्यात ओळखपत्राची पट्टी, हातात कापडी पिशवी आणि डोळ्यांत काहीतरी भलतंच!

आल्या आल्या आम्हाला गोल बसवलं. मी नुकताच चहा हातात घेतलेला.

"ऐका," सर म्हणाले. "कोडिंग आता एआय करणार. फोनसुद्धा एआय घेणार. दिवाळीनंतर या ऑफिसात एकतर एआय वापरणारी माणसं राहतील, नाहीतर नुसता एआय राहील!"

कोडिंग आणि फोन. म्हणजे माझा अर्धा दिवस आणि माझा उरलेला अर्धा दिवस!

"आई गं!"

चहा सगळा कीबोर्डवर.

किरणभाऊंनी शांतपणे कीबोर्ड उचलला, उलटा केला, चहा गळू दिला आणि म्हणाले, "सर, दिवाळीची वाट कशाला पाहायची? एकाची नोकरी आजच गेली."

*

मग मी तयारीला लागले. मिळेल तो ऑनलाइन कोर्स करायला घेतला. सर्टिफिकेट आलं की आई ते लॅमिनेट करून आणायची. पिंप्राळ्यातल्या आमच्या घरात देव्हाऱ्याच्या शेजारची भिंत भरली. शेजारच्या काकू हळदीकुंकवाला आल्या की आधी देवाला नमस्कार करायच्या आणि मग सवयीनं सर्टिफिकेटांनाही!

त्याच महिन्यात भुसावळचं एक स्थळ आलं. मुलगा रेल्वेत, तिकीट खिडकीवर. मुलाचे काका बोलायला पुढे. पोहे संपता संपता त्यांनी विचारलं, "पोरी, तुमच्या लाइनीत ते एआय आलंय म्हणतात. नोकरी टिकेल ना तुझी? आमच्या मुलाचं तसं नाही बरं का. पक्की नोकरी."

घाबरले की माझी जीभ माझं ऐकत नाही. मी मनापासून, अगदी काळजीनं म्हणाले, "पण काका, तिकिटं तर आता सगळे मोबाइलवरच काढतात ना?"



मुलानं पोह्यांची बशी खाली ठेवली. काकांनी मुलाकडे पाहिलं. मुलानं काकांकडे पाहिलं. चहा न घेताच मंडळी उठली!

आई दार लावून आली आणि म्हणाली, "सगळ्या जगाला घाबरतेस. मग नेमकी तिथेच का नाही घाबरलीस?"

*

सरांनी नियम काढला की ऑफिसातलं प्रत्येक पत्र एआयकडून लिहून घ्यायचं. सवय लागायला हवी!

मला मावशीच्या मुलीच्या साखरपुड्यासाठी एक दिवस सुट्टी हवी होती. मी एआयला तेवढंच सांगितलं. त्यानं पानभर अर्ज लिहिला. त्यात "कौटुंबिक प्रसंग", "माझी उपस्थिती अपरिहार्य", "आपण समजून घ्याल ही आशा" असं काय काय होतं. वाचून मलाच रडू आलं.

सरांना पानभर वाचायला वेळ कुठला? त्यांनी तो अर्ज त्यांच्या एआयला दिला आणि उत्तर लिहायला सांगितलं. ते उत्तरही न वाचता पाठवून दिलं.

मी साखरपुड्याच्या मांडवात उभी असताना मेल आला. "आपल्या कुटुंबावर ओढवलेल्या या कठीण प्रसंगी संपूर्ण कंपनी आपल्या पाठीशी उभी आहे. ईश्वर आपणा सर्वांना बळ देवो."

मी दचकून मोबाइल आईच्या हातात दिला. आईनं चष्मा लावला, सावकाश वाचलं, स्टेजकडे एकदा बघितलं.

"बरोबरच लिहिलंय," ती म्हणाली. "नवरदेव पाहिलास का?"

*

इम्रान मात्र खरी तयारी करत होता. त्याचे अब्बा फर्निचरचं काम करतात. त्यांच्याकडे लाकूड कापायचं कॉम्प्युटरवालं मशीन आलं तेव्हा ते म्हणाले होते, "मशीनशी भांडायचं नाही बेटा, त्याच्याशी ओळख वाढवायची." इम्राननं ते फार मनावर घेतलं. जेवणाच्या सुट्टीत तो एआयलाच मुलाखत देत बसायचा. एआय साहेब होणार, प्रश्न विचारणार. इम्रान कानात इअरफोन घालून हळू आवाजात उत्तरं देणार.

एके दिवशी इअरफोन जोडलाच गेला नाही. जोडला गेला तो गणपतीसाठी आणलेला भला मोठा स्पीकर!

अख्ख्या ऑफिसात आवाज घुमला, "आता सांगा, तुम्हाला सध्याची कंपनी का सोडायची आहे?"

मी "आई गं!" म्हणेपर्यंत सर केबिनच्या दारात उभे.

इम्राननं पापणीही न हलवता सांगितलं, "सर, कंपनी सोडणारे लोक काय उत्तरं देतात ते टेस्ट करतोय. आपल्याला पुढे उपयोगी पडेल."

"अस्सं?" सरांनी खुर्ची ओढली. "चालू दे. मीही ऐकतो."

झालं! इम्रान बोलायला लागला. ही कंपनी म्हणजे कुटुंब, सर म्हणजे वडिलांच्या जागी, इथला चहा दुसरीकडे मिळत नाही, जळगाव सोडून कुठे जायची इच्छाच होत नाही. किरणभाऊंनी तोंडावर रुमाल धरला. सरांचा चेहरा मात्र हळूहळू खुलत गेला.

इम्रान थांबला. स्पीकरनं क्षणभर विचार केला आणि स्वच्छ मराठीत निकाल दिला:

"तुमची उत्तरं प्रामाणिक वाटत नाहीत."

*

मग सरांनी एआयला किरणभाऊंचं जुनं कोड साफ करायला दिलं. किरणभाऊ त्या दिवशी रजेवर होते. एआयनं काही मिनिटांत सगळं लखलखीत केलं आणि शेवटी नम्रपणे कळवलं की एक नियम निरर्थक वाटल्यामुळे काढून टाकला आहे. आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या!

काही दिवस बरे गेले. मग एका सकाळी माझा फोन वाजला. पलीकडून धुळ्याचे आबा. आबा बोलतात अहिराणी, आणि आवाज असा, की फोन कानापासून हातभर लांब धरला तरी स्पष्ट ऐकू येतो.

"अय! कोन शे तथा? मनी नवी गाडी अवसले भाहेर काढी तुम्हीन? नारय बी फोडेल नई आनि बिल्टी निंघी गई?"

"आई गं!" माझ्या हातून फोन टेबलाखाली.

प्रकार असा होता. आबा नव्या गाडीची पहिली खेप अमावास्येला काढत नाहीत म्हणजे नाहीत. म्हणून किरणभाऊंनी फार पूर्वीच सॉफ्टवेअरमध्ये घालून ठेवलं होतं, की नवी गाडी आणि अमावास्या असेल तर बिल्टी छापायचीच नाही. एआयनं काढलेला निरर्थक नियम तो हाच!

मी टेबलाखालूनच फोन कानाला लावला. "सॉरी आबा, सॉरी, आत्ता बघते, आत्ता थांबवते."

आबा अजून थोडे बरसले, मग एकदम शांत झाले.

"बरं," ते म्हणाले. "जेवनी का?"

आबांचं हे नेहमीचं. झापून झालं की जेवलीस का म्हणून विचारल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. त्यांनी मला कधी पाहिलेलं नव्हतं, मीही त्यांना नाही; पण मी कधी जेवले, काय जेवले, हे सगळं त्यांना माहीत होतं! मी "हो आबा, पोळी-भाजी" म्हटलं की "बेस!" म्हणून फोन बंद. भांडण तिथे संपलं असं समजायचं.

किरणभाऊ आले, त्यांनी नियम पुन्हा बसवला. सर कुरकुरले, "एवढं सगळं येतं त्या एआयला, साधं पंचांग येत नाही?"

"पंचांग येतं सर," किरणभाऊ म्हणाले. "आबा येत नाहीत."

*

पण सर ऐकणारे नव्हते. दिवाळी जवळ आली तसं त्यांनी जाहीर केलं की आबांचे फोन आता एआय घेणार. गोड बाईचा आवाज, चोवीस तास, न थकता. आबा खूश झाले की करार नक्की. मला म्हणाले, "तू आता फक्त ऐकायचं." मला त्यातलं "आता" फार टोचलं.

आबांचा पहिला फोन आला. आबा गरजले. एआय म्हणाला, "आपल्या गैरसोयीबद्दल मी दिलगीर आहे." आबा आणखी मोठ्यानं गरजले. एआय तितक्याच गोड आवाजात म्हणाला, "आपल्या भावना मी समजू शकते." आबा आणखी चढले. एआय आणखी गोड झाला!

शेवटी आबांनी सरांच्या मोबाइलवर फोन केला.

"देवरे, हाई कोन बाई ठेवेल शे तू? मी इतला वरडी राह्यनू, तिले काहीच वाटत नई! पह्यलेनी पोर बरी व्हती. ती घाबरे, मंग माले समजे का काम व्हई. आते माले करारना इचार करना पडी."

म्हणजे माझं घाबरणं ही आबांची पोच पावती होती! "आई गं!" ऐकू आलं की तक्रार पोचली.

मला वाटलं, सुटले. आता सर मला परत फोनवर बसवणार. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांचे डोळे तसेच चमकले, पुण्याहून आले तेव्हा चमकले होते तसे.

"इम्रान," ते म्हणाले, "हिचा आवाज घाल. आणि एआयला घाबरायला शिकव!"

*

म्हणजे माझ्या जागी येणाऱ्याला दचकायचं ट्रेनिंग मीच द्यायचं. नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हणायचीही मला भीती वाटते!

माइकसमोर बसवलं. इम्रान म्हणाला, "हां, घाबरा."

आणि काय सांगू, येईना! जन्मभर ज्याच्यामुळे हसं झालं ते नेमकं त्या दिवशी येईना. "आई गं" म्हटलं तर ते "आई, गं?" असं निघालं, जणू आईला काही विचारतेय. इम्राननं मागून कागदी पिशवी फोडली. मला कळलं होतं ती फुटणार. किरणभाऊंनी रबरी पाल आणली. मी ती उचलून बाजूला ठेवली. इम्रान हताश झाला. "मॅडम, तुम्ही तर एआयहून शांत झालात!"

तेवढ्यात सर आत डोकावले. "झालं का रेकॉर्डिंग? आणि हो, भाग्यश्री, तुझं दिवाळीनंतरचं लेटर टाइप करून ठेवलंय."

"आई गं!"

"परफेक्ट!" इम्रान ओरडला. "सेव्ह केलं!"

*

आता शेवटचा.

नवा एआय तयार झाला. माझा आवाज, माझं बोलणं. आणि समोरच्याचा आवाज चढला की माझं "आई गं! सॉरी आबा, आत्ता बघते!" सरांनी लॅपटॉप गणपतीच्या स्पीकरला जोडला, म्हणजे सगळ्यांना ऐकता येईल. माझं लेटर त्यांच्या ड्रॉवरमध्ये. आम्ही सगळे आबांच्या फोनची वाट बघत बसलो.

फोन आला. आबा गरजले.

"आई गं! सॉरी आबा, आत्ता बघते!" स्पीकर म्हणाला.

मी स्वतःला ऐकून दचकले, पण तोंड हातानं दाबून धरलं. पलीकडे आबांचा आवाज लगेच निवळला. सरांनी मूठ आवळून हवेत हलवली. जमलं!

"बरं," आबा म्हणाले. "जेवनी का?"

"धन्यवाद आबा," माझा आवाज गोडपणे म्हणाला. "मी जेवत नाही."

इम्राननं कपाळाला हात लावला. हे शिकवायचं राहिलं होतं!

"जेवत नई? काबं? पह्यले तर जेवे ना?"

"नाही आबा. मी कधीच जेवत नाही. मला त्याची गरज नसते. मी दिवसरात्र आपल्या सेवेत आहे."

मग फोन बंद झाला.

"बघा!" सर म्हणाले. "इतका छोटा कॉल आबांनी आजवर केलेला नाही!"

लॅपटॉप तसाच चालू ठेवून दोन-अडीच तासांनी आम्ही डबे उघडले. माझ्या डब्यात त्या दिवशी आईनं दिलेला मसालेभात होता, तो मी सगळा संपवला. हात धुऊन जागेवर येते तोच जिन्यात धाडधाड पावलं वाजली आणि दार इतक्या जोरात उघडलं की भिंतीवरचं घड्याळ हललं.

"आई गं!" हे मात्र माझं.

दारात पांढरं धोतर, पांढऱ्या मिशा, हातात उंच थोरला डबा. त्यांना पाहिलेलं नव्हतं, पण विचारायची गरज नव्हती. आबा गाडी काढून धुळ्याहून थेट आले होते.

"हाईच ती!" ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. मग मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "देख, देख, कशी सुकी गई पोर!"

"आबा, बसा ना," सर पुढे आले. "अहो, फोनवर ही नव्हतीच. ते कॉम्प्युटर..."

"देवरे, आवाज हिना, घाबरनं हिनं. मंग उपाशी दुसरं कोन ऱ्हाई?"

सरांच्या सेमिनारमध्ये हे शिकवलेलं नव्हतं.

आबांनी माझ्या टेबलावर डबा उघडला. शेवभाजी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, मिरचीचा ठेचा, वर गूळ-तूप. "खाय," ते म्हणाले. मी मसालेभातानं गळ्यापर्यंत भरलेली. पण आबांसमोर जेवले म्हणायचं धाडस कुणाचं! किरणभाऊ खिडकीतून बाहेर बघत होते आणि त्यांचे खांदे हलत होते. मी भाकरीचा मोठा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि तोंडात कोंबला.

आबा खुर्ची ओढून समोर बसले. मी चावतेय याची खात्री केली आणि सरांकडे वळले.

"करार चालू ऱ्हाई."

सरांनी श्वास सोडला.

"पन फोन हाईच पोर उचली. आनि जेईसन उचली."

"हो आबा."

"दिवाळीनंतर बी."

सरांनी एकदा ड्रॉवरकडे पाहिलं. "हो आबा."

आबांनी टेबलावर थाप मारली आणि पंप-पाइपच्या दुकानाला हादरा बसेल अशा आवाजात विचारलं, "समजनं का?"

"आई गं! सॉरी आबा, आत्ता बघते!"



माझं तोंड भाकरीनं गच्च भरलेलं होतं. आबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग सावकाश मान वळवून लॅपटॉपकडे पाहिलं. मग परत माझ्या तोंडाकडे. इम्रान हळूच स्पीकरच्या बटणाकडे सरकायला लागला, आबांनी त्याला नुसत्या भुवईनं थांबवलं.

मिशीवरून एकदा हात फिरवला. डब्याचं झाकण ओढलं. त्यात अर्धी भाकर ठेवली, वर शेवभाजी घातली, कडेला चिमूटभर ठेचा. आणि झाकण लॅपटॉपसमोर सरकवलं.

"इले बी वाढत जाय रे, देवरे," आबा म्हणाले. "दोन्ही पोरी उपाशी मारशी का?"